कानस कोणाच्या हातात? : अमेरिकन रायफल, तिचा मालक आणि तिचा कारागीर



आजचा प्रश्न वरवर पाहता अगदी घरगुती आहे. अमेरिकेत ज्याच्या घरी शिकारीची किंवा नेमबाजीची रायफल आहे, त्याला तो कधी ना कधी पडतोच. चाप जड वाटतो, लाकडी दस्ता खांद्याला नीट बसत नाही, नळी झिजलेली असते, वर दुर्बीण बसवायची असते. मग हे काम घरच्या टेबलावर स्वतःच करायचं, की गनस्मिथकडे, म्हणजे बंदुकीच्या कारागिराकडे द्यायचं? दोन्ही बाजूंनी लोक हिरिरीने बोलतात. एक म्हणतो, चार स्क्रू फिरवायला कारागिराला पैसे कशाला मोजायचे? दुसरा म्हणतो, गालापासून वीतभर अंतरावर जिच्यात स्फोट होतो, त्या वस्तूशी खेळ कशाला?

तुम्ही विचाराल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा याच्याशी काय संबंध? आमचा शस्त्रानुभव कॉलेजात एन. सी. सी.मध्ये .22 ची रायफल चार-सहा वेळा उडवण्यापुरताच. पण या प्रश्नाच्या पोटात आमचा जुना प्रश्न दडलेला आहे. एखादं काम 'येणं' म्हणजे काय? ते ज्ञान राहतं कुठे? हातात, डोळ्यात, पुस्तकात, की मापाच्या उपकरणात? आणि काम चुकलं तर ते कोणाला दिसतं? रायफलीचा इतिहास पाहिला तर या प्रश्नांची उत्तरं काळानुसार बदलत गेलेली दिसतात. म्हणून हा विषय घेतला.

सुरुवात अठराव्या शतकातल्या पेनसिल्व्हेनियापासून करू. लँकेस्टर आणि आसपासच्या गावांत जर्मन बोलणारे कारागीर राहत. त्यांनी लांब नळीची, आत पीळ पाडलेली ठासणीची रायफल घडवली. लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळायची, घणाने सांधायची, मग आतून कोरायची, पीळ पाडायचे. दस्ता मेपलच्या लाकडाचा. आणि लॉक, म्हणजे चकमकीचा सगळा यंत्रभाग, कानस मारून मारून बसवायचा. प्रत्येक रायफल वेगळी. एकीचा घोडा दुसरीला बसत नसे. गोळ्यांचा साचासुद्धा त्या त्या रायफलीच्या मापाचाच करून देत, कारण एकीची गोळी दुसरीला चालेलच असं नव्हतं.

आता पाहा, त्या काळी 'स्वतः की कारागीर' हा वाद जवळजवळ नव्हताच. कामाची वाटणी ठरलेली होती. शिसं वितळवून गोळ्या ओतणं, नळी साफ करणं, चकमकीचा दगड बदलणं हे मालकाचं काम. नळी, लॉक आणि पीळ ही कारागिराची कामं. जंगलात दोनशे मैल आत गेलेल्या माणसाची रायफल मोडली, तर तो बंदूक असून निःशस्त्र.

म्हणूनच 1803 मध्ये मेरिवेदर लुईसने पश्चिमेच्या मोहिमेची तयारी करताना जे केलं ते फार शहाणपणाचं होतं. हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारातून त्याने रायफली घेतल्या, आणि सोबत राखीव लॉक आणि लॉकचे सुटे भागही घेतले. शिवाय त्याच्या तुकडीत जॉन शील्ड्स नावाचा लोहारकाम आणि बंदूककाम जाणणारा माणूस होता. मार्च 1806 मध्ये, पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या फोर्ट क्लॅटसॉपमध्ये, लुईसने आपल्या रोजनिशीत साफ नोंदवलं आहे की हे सुटे भाग आणि शील्ड्सची हुशारी नसती, तर एव्हाना बहुतेक बंदुका निकामी झाल्या असत्या. दोन्हींचा उल्लेख त्याने एका दमात केला, हे लक्षात ठेवा. सुटा भाग आणि शील्ड्सचा हात, दोन्ही लागले.

या गोष्टीच्या वीस वर्षं आधी पॅरिसमध्ये एक घटना घडली होती. टॉमस जेफर्सन तेव्हा अमेरिकेचा फ्रान्समधला प्रतिनिधी होता. ऑनोरे ब्लांक नावाच्या कारागिराच्या कार्यशाळेत तो 1785 मध्ये गेला. ब्लांकने पन्नास लॉकचे सुटे भाग वेगवेगळ्या कप्प्यांत मांडून ठेवले होते. जेफर्सनने प्रत्येक कप्प्यातला हाताला येईल तो भाग उचलला आणि स्वतः लॉक जुळवले. कानशीचा एकही हात न मारता ते बसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने हे सगळं जॉन जे यांना पत्रातून कळवलं.

आम्हाला हा क्षण मोठा वाटतो. वकील, मुत्सद्दी, पुढे राष्ट्राध्यक्ष होणारा माणूस, बंदूककामाची उमेदवारी एक दिवसही न केलेला, तो लॉक जुळवतो! मग त्याला ते काम आलं का? नाही आलं. काम ब्लांकने आधीच करून ठेवलं होतं आणि भागांच्या मापात साठवलं होतं. जेफर्सनने केली ती जुळवणी. आज घरच्या टेबलावर रायफल सुधारणारा माणूस बहुतेक वेळा हेच करत असतो, आणि 'मी केलं' असं म्हणतो. त्यात खोटं काही नाही, पण पुरतं खरंही नाही.

हे स्वप्न अमेरिकेत उतरायला वेळ लागला. एली व्हिटनीने 1798 मध्ये दोन वर्षांत 10,000 बंदुका देण्याचं कंत्राट घेतलं आणि पुरं केलं 1809 मध्ये. वॉशिंग्टनमध्ये त्याने अदलाबदल होणाऱ्या भागांचं प्रात्यक्षिकही करून दाखवलं. शाळेच्या पुस्तकांत तो या पद्धतीचा जनक म्हणून बसलाय. मात्र पुढच्या इतिहासकारांनी त्याच्या बंदुका उघडून पाहिल्या, तेव्हा भाग एकमेकांना बसेनात. खरं श्रेय जॉन हॉलला द्यायला हवं. हार्पर्स फेरीत त्याने मागून भरायच्या रायफलीसाठी यंत्रं बनवली आणि भाग तपासायला गेज, म्हणजे ठरीव मापाचे साचे, बनवले. भाग गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर बाद. 1834 मध्ये दूर कनेटिकटात सिमियन नॉर्थने बनवलेल्या रायफलींचे भाग हॉलच्या रायफलींना बसू लागले. शेकडो मैलांवरचे दोन कारखाने, पण माप एक.

कारागिरांना हे रुचलं असेल असं मात्र समजू नका. हार्पर्स फेरीतले कारागीर कामाचा तुकडा मोजून पैसे घेत, आणि आपल्या वेळेला येत-जात. 1842 मध्ये घड्याळाप्रमाणे हजेरी लागू झाली, तेव्हा त्यांनी काम बंद केलं, बोट भाड्याने घेतली आणि कालव्यातून थेट वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष टायलर यांच्याकडे गाऱ्हाणं घेऊन गेले. टायलर गोड बोलले आणि कामावर परत जा म्हणाले. पूर्वी कारागिराच्या डोळ्यावर भरवसा होता, आता गेजवर होता. मग कारागिराच्या लहरीला किंमत कोण देणार?

त्यानंतर गावोगावचा गनस्मिथ हळूहळू बंदूक 'घडवणारा' राहिला नाही. कारखान्यात बनलेली बंदूक दुरुस्त करणारा, तिच्यात सुधारणा करून देणारा झाला. आणि इथेच आपला आजचा प्रश्न जन्माला आला. रायफल कारखान्यात सगळ्यांसाठी एकसारखी बनते, माणसं मात्र एकसारखी नसतात. मग तिला आपल्या मापाची करायची कोणी?

इथे ॲरिस्टॉटलची थोडी मदत घेऊ. 'पॉलिटिक्स'च्या तिसऱ्या भागात तो म्हणतो की काही वस्तू अशा असतात, ज्यांची पारख बनवणाऱ्यापेक्षा वापरणाऱ्याला जास्त असते. घर चांगलं की वाईट ते त्यात राहणाऱ्याला कळतं, सुकाणू कसं आहे ते नाविकाला कळतं, आणि जेवणाचा न्याय आचाऱ्यापेक्षा पाहुणा नीट करतो. प्लेटोही बासरीवाल्याचं असंच उदाहरण देतो. विचार मोठा लोभस आहे. लोकशाहीच्या बाजूने बोलताना आम्ही तो वर्गात कितीदा वापरलाय! रायफलीच्या दस्त्याला तर तो अगदी लागू पडतो. दस्ता खांद्याला बसतो की नाही, गाल टेकवला की डोळा नेमाच्या रेषेत येतो की नाही, हे नेमबाजालाच कळणार. कारागिराला ते विचारून घ्यावं लागतं.

म्हणूनच दस्त्याच्या कामात हौशी माणसं पुढे आली. 1903 मध्ये अमेरिकन लष्कराने स्प्रिंगफील्ड रायफल स्वीकारली. थिओडोर रूझवेल्टने शस्त्रागाराकडूनच आपल्यासाठी शिकारी थाटाची एक करवून घेतली आणि 1909 मध्ये आफ्रिकेत नेली. ते पाहून अनेकांना तशी हवीशी झाली. न्यूयॉर्कमध्ये सीमोर ग्रिफिन हा फर्निचर करणारा सुतार होता. त्याने अक्रोडाचं चांगलं लाकूड आणून स्वतःच्या स्प्रिंगफील्डला दस्ता केला. तो इतका देखणा झाला की इतर लोक त्याच्याकडे येऊ लागले. 1923 मध्ये 'ग्रिफिन अँड हाऊ' ही नामांकित पेढी उभी राहिली, ती या हौसेतून. त्यातला दुसरा भागीदार जेम्स हाऊ. त्याने 1934 मध्ये 'द मॉडर्न गनस्मिथ' हा दोन खंडी ग्रंथ लिहिला, आणि तो धंदेवाईक आणि हौशी अशा दोघांसाठी लिहिला. म्हणजे ग्रंथ लिहिणाऱ्या गनस्मिथलाच दोघांमध्ये भिंत घालायची नव्हती. लाकडात चूक झाली तर ती दिसते, जाणवते, आणि सहसा जीव घेत नाही.

पोलादाचं तसं नाही. आता त्याच स्प्रिंगफील्ड रायफलीची दुसरी बाजू सांगतो, आणि इथे थोडं थांबू.

1917 साली अमेरिका महायुद्धात उतरली. त्या उन्हाळ्यात काही स्प्रिंगफील्ड रायफली गोळी झाडताना फुटल्या. वाकल्या नाहीत, काचेसारख्या तडकून तुकडे झाल्या. फुटला तो रिसीव्हर. रिसीव्हर म्हणजे रायफलीची पोलादी पेटी. तिच्यात नळी पिळून बसवलेली असते आणि बोल्ट मागेपुढे सरकतो. स्फोटाचा सगळा दाब शेवटी तीच झेलते आणि नेमबाजाचा चेहरा तिच्या लगेच मागे असतो. काही काडतुसं सदोष होती हे खरं. पण काडतूस फुटलं म्हणून रिसीव्हरचे तुकडे व्हायला नकोत. ज्युलियन हॅचर तेव्हा स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात अधिकारी होते. त्यांनी हे प्रकरण 'हॅचर्स नोटबुक' या पुस्तकात सविस्तर मांडलंय.

कारण सापडलं ते भट्टीपाशी. आपल्याकडे विळ्या-कोयत्याला 'पाणी देणारा' लोहार लोखंड किती तापलं ते रंगावरून ओळखतो. स्प्रिंगफील्डमध्येही तेच चाललं होतं. वर्षानुवर्षं काम केलेले, मुरलेले कारागीर तापलेल्या पोलादाचा रंग पाहून ठरवत की आता बरोबर तापलंय. उष्णतामापक लावून पाहिलं, तेव्हा कळलं की ढगाळ दिवशी ज्याला ते 'बरोबर' म्हणत, त्यापेक्षा लख्ख उन्हाच्या दिवशीचं 'बरोबर' सुमारे 300 अंश फॅरनहाइटने जास्त होतं! उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग फिका दिसतो, म्हणून माणूस ते आणखी तापवतो. जुने लोहार भट्टी अंधाऱ्या खोपटात ठेवत, ते उगीच नाही. स्प्रिंगफील्डमध्ये अशा रीतीने काही पोलाद जळलं, ठिसूळ झालं. वरून मात्र सगळे रिसीव्हर सारखेच. मापात सारखे, गेजमध्ये पास, चाचणीची गोळीही झेललेली.

ॲरिस्टॉटलचा पाहुणा इथे हरला. जेवणाची चव त्याला कळते, पण अन्नात सावकाश भिनणारं विष चवीला लागत नाही. आणि आचारीही हरला, कारण त्याचा मुरलेला डोळाच उन्हाला फसला होता.

1918 च्या सुरुवातीला पद्धत बदलली. उष्णतामापकं आली, पोलादाला दुहेरी संस्कार सुरू झाला. स्प्रिंगफील्डच्या रायफलींसाठी 800,000 आणि रॉक आयलंडच्या रायफलींसाठी 285,507 हे क्रमांक सीमा मानले जाऊ लागले. त्याखालच्या क्रमांकाची रायफल संशयित. म्हणजे एकूण दहा लाखांहून जास्त! त्यातल्या बहुसंख्य कधीच फुटल्या नाहीत, हेही सांगायला हवं. पण कोणती फुटेल हे पाहून सांगता येत नाही. पुढे एका मंडळाने या सगळ्या सेवेतून काढाव्यात अशी शिफारस केली. वरिष्ठांनी मधला मार्ग काढला. आहेत त्या वापरात राहू द्या, दुरुस्तीला येतील तेव्हा जुना रिसीव्हर बाद करा. दहा लाखांचा हिशेब होता शेवटी. या तडजोडीबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. जो शिपाई ती खांद्याला लावत होता त्याला कोणी विचारलं नव्हतं.

आता यात आपला घरगुती प्रश्न कुठे आला? तर असा. लष्कराच्या जुन्या रायफली नेमबाजीच्या प्रसारासाठी नागरिकांना स्वस्तात मिळत. कमी क्रमांकाच्या स्प्रिंगफील्डही बाजारात होत्या. हौशी माणूस ती घेई, दस्ता तासून बारीक करी, नळी बदलून घेई, दुर्बीण बसवी. काही कारागीर म्हणत, आणा, आम्ही रिसीव्हरला पुन्हा पाणी देऊन मजबूत करून देतो. परंतु शस्त्रागाराचा अनुभव असा होता की जळलेलं पोलाद पुन्हा तापवून भरवशाचं होत नाही. मग 'स्वतः करू की कारागिराकडे देऊ' या प्रश्नाचं इथलं उत्तर काय? दोन्ही नाही. हे काम कोणीच करू नये. जुनी शस्त्रं नागरिकांना विकणारी आजची अमेरिकन संस्था, सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, या क्रमांकांखालच्या रायफली झाडू नका असंच सांगते. भिंतीवर लावा, पण झाडू नका. मात्र ज्याने हौसेने पैसे घातलेत आणि ज्याला काम मिळणार आहे, त्या दोघांनाही हे तिसरं उत्तर नकोसं असतं. म्हणून ते वादात कुठे ऐकू येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या माउझर आणि ब्रिटिश ली-एनफील्ड रायफली अमेरिकेत ढिगाने आल्या. 1968 च्या बंदूक नियंत्रण कायद्यापर्यंत त्या टपालाने घरपोच मिळत. या काळात घराघरांत कानस आणि करवत चालली. आज संग्राहक हळहळतात, कारण घरी कापलेल्या रायफलीपेक्षा मूळ लष्करी रूपातली कितीतरी महाग विकली जाते. ते जाऊ द्या, तो पैशाचा भाग झाला.

खरी गोम वेगळीच होती. ली-एनफील्डच्या नंबर 4 रायफलीत बोल्टचं डोकं वेगळं निघतं, आणि ते 0 ते 3 अशा चार मापांत मिळतं. काडतूस बसल्यावर मागे किती फट राहते ते महत्त्वाचं. फट जास्त झाली की काडतुसाचं पितळ फाटू शकतं. पलटणीतला आर्मरर गेज घालून पाही आणि योग्य नंबरचं डोकं बसवी. टपालाने आलेल्या पेटीत कोणाचा बोल्ट कोणाच्या रायफलीत गेला असेल, सांगता येत नसे. मालक बघतो तर बोल्ट झकास सरकतो, बंद होतो. बसला म्हणजे बरोबर, असं त्याला वाटतं. जेफर्सनच्या लॉकबाबत ते खरं होतं, इथे नाही. इथे माप भागांत साठवलेलं नव्हतं, आर्मररच्या गेजमध्ये होतं, आणि गेज पेटीतून आलं नव्हतं.

याच्या उलट गंमत 1958 च्या सॅव्हेज 110 या रायफलीची. निकोलस ब्रूअरने तिची नळी एका मोठ्या नटाने आवळायची सोय केली. हेतू होता कारखान्याचा खर्च कमी करण्याचा. परिणाम असा झाला की तीच फट गेज लावून नटाने जुळवता येते. पुढे हौशी मंडळींना घरी नळी बदलणं शक्य झालं ते या नटामुळे. मालकाच्या स्वातंत्र्याचा विचार कोणाच्या मनातही नव्हता! अर्थात गेज विकत घेण्याइतकी शिस्त मालकात हवी.

राहता राहिला चाप. सगळ्यात जास्त वाद त्याचाच, कारण तिथे धोका स्वतःपुरता राहत नाही. रेमिंग्टन 700 ही 1962 ची रायफल फार लोकप्रिय. तिच्या चापाला जोर कमी-जास्त करायचे स्क्रू होते, कारखान्यातून ते सील होऊन येत. चापाला हात न लावता रायफल सुटली, अशा तक्रारींचे खटले अनेक वर्षं चालले. काहींत माणसं दगावली होती. वादी म्हणत, रचनाच सदोष आहे. कंपनी म्हणे, रायफल सुरक्षित आहे, देखभाल नीट नाही किंवा मालकाने काही फेरफार केलेत. शेवटी सामूहिक दाव्यात तडजोड झाली, न्यायालयाने ती 2017 मध्ये मान्य केली. सुमारे 75 लाख बंदुकांचा प्रश्न होता. कंपनीने दोष कबूल केला नाही, पण 700 चे चाप फुकट बदलून द्यायचं ठरलं. ते बदलायचे कंपनीने किंवा अधिकृत दुरुस्ती केंद्राने.

इथे नीतिशास्त्राचा विद्यार्थी कान टवकारतो. सील मोडून ज्याने स्क्रू अर्धा वळसा फिरवला, त्याचा चाप कदाचित हलका झाला असेल, नेमही सुधारला असेल. पण त्याने आणखी एक गोष्ट केली. उद्या काही घडलं, तर दोष रचनेचा की त्याच्या हाताचा, हे ठरवणंच त्याने अवघड करून टाकलं. आणि जो मेला त्याच्या घरच्यांना उत्तर मिळण्याची वाट अडवली. गनस्मिथला दिलेल्या पैशांत नुसती कारागिरी येत नाही. काम कोणी केलं याची नोंद येते, जाब विचारायला एक नाव येतं. टिम्नीसारख्या कंपन्या 1946 पासून तयार जुळवलेले चाप विकतात. ते दोन पिनांवर बसवायचे, आतल्या मापाला हात लावायचा नाही. तिथेही ज्याचं माप त्याची जबाबदारी, हे निदान स्पष्ट राहतं.

आपल्याकडे हा वाद फारसा रंगत नाही, याचं कारण कायदा आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे बंदूक बनवायलाच नव्हे, धंदा म्हणून दुरुस्त करायला, तिचं रूप बदलायला, तपासायलाही परवाना लागतो. अमेरिकेने बरंचसं मालकाच्या विवेकावर सोडलंय. आमचं स्वतःचं झुकतं माप कुठे आहे ते एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. तरी ग्रिफिनच्या दस्त्याची आठवण ठेवा. त्याला परवान्याच्या रांगेत उभं केलं असतं, तर तो सुतारच राहिला असता.

वेळ संपत आलीय. प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतल्यांनी जरा मोठ्याने विचारा, आमचे कान आता रायफलीच्या नाही, वयाच्या कारणाने कमी ऐकतात.